हंगामाच्या मध्यावर सहायक प्रशिक्षक बदलला, तर मैदानावर नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आहे. सुपर लीग या इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या एका क्लबने सलग पाच सामने हरल्यावर जूनमध्ये मुख्य प्रशिक्षकाला कायम ठेवलं आणि बचाव सांभाळणाऱ्या सहायकाला निरोप दिला. विचारणाऱ्यांचा मुलगा लीड्सला शिकायला आहे, त्याच्यामुळे घरातल्या सगळ्यांनाच रग्बी लीगची गोडी लागली आहे. त्यांना वाटतं, हा सरळसरळ बळीचा बकरा आहे. एका सहायकाला बदलून तेरा खेळाडू वेगळे खेळायला लागतात का?

लागतात. पण लगेच नाही, आणि पहिले तीन-चार आठवडे बहुतेक वेळा होते त्याहून वाईट खेळतात. मी चौदा वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांमध्ये काम करतोय, आधी व्हिडिओ विश्लेषक म्हणून आणि मग बचावाचा सहायक म्हणून. असा बदल मी दोनदा आतून पाहिला आहे. एकदा बदलला गेलेला माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा होता, आणि एकदा त्याच्या जागी आलेला माणूस मी होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी रग्बी युनियनशी काडीमोड घेतला. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यापायी बुडणारी मजुरी भरून द्यावी एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मान्य झाली नव्हती. त्यातून जो खेळ वाढला तो रग्बी लीग. एका बाजूला तेरा खेळाडू. टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पकडून थांबवणं. चेंडू ज्याच्याकडे त्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे त्याचा माणूस सहा वेळा पकडला जाईपर्यंतची मुभा, तेवढ्यात काही साधलं नाही तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे यायचं, रांग धरायची आणि पुन्हा पुढे धावायचं. ऐंशी मिनिटांत एकेका संघाचे तीनशेहून जास्त टॅकल होतात. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे पटकन कळेल. चढाईवाला आत शिरला की कव्हर आणि कोपरा एकाच क्षणी निघाले पाहिजेत. एक निघाला आणि दुसरा थबकला की गुण गेला. मी सांगलीकडचा, कबड्डीतूनच इथवर आलो, आणि आजही नव्या पोरांना साखळी करून दाखवतो.

आता काढलं का, ते आधी. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, साखळीत २७ फेऱ्या असतात, शेवटचा सामना, म्हणजे ग्रँड फायनल, ऑक्टोबरात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड फुटबॉल मैदानावर. जूनमध्ये पाच सामने हरलात तर संचालक मंडळाच्या हातात काय उरतं? खेळाडू करारात बांधलेले असतात. त्यांच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, बरीच वर्षं ती मुळात २१ लाख पौंडांची होती. ती गाठलेली असली की नवा खेळाडू आणायला जुना घालवावा लागतो. मुख्य प्रशिक्षकाला काढायचं तर त्याच्या उरलेल्या कराराचे पैसे मोजावे लागतात आणि बदलीचा माणूस बहुधा ऑस्ट्रेलियातून आणावा लागतो. सहायकाचा करार लहान आणि पगार कमी. त्याला काढलं की बातमी होते, काहीतरी केल्यासारखं दिसतं आणि खर्चही बेताचा. तेव्हा बळीचा बकरा हा तुमचा संशय बिनबुडाचा नाही. फक्त तो प्रत्येक वेळी खरा नसतो. कधी मुख्य प्रशिक्षकालाच हे हवं असतं, कारण दोघं खेळाडूंना दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. त्या परिस्थितीत बदल न करणं जास्त महाग पडतं.

सहायक नक्की करतो काय, हे बाहेरून दिसत नाही. एका क्लबात साधारण दोन-तीन सहायक असतात. एकाकडे चढाई, एकाकडे बचाव, कधी एकाकडे राखीव संघ. सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षक वर स्टँडमधल्या खोलीत बसतो आणि कानाला रेडिओ लावलेला एखादा सहायक खाली रेषेजवळ उभा असतो. बदली खेळाडू केव्हा पाठवायचा हे बऱ्याचदा खालचाच माणूस सुचवतो, कारण कोणाचे पाय जड झालेत ते त्याला तीन हातांवरून दिसतं. आठवडाभर प्रत्येक खेळाडूसोबत लॅपटॉपसमोर बसून त्याचे टॅकल एक एक करून दाखवणारा तोच. ऑस्ट्रेलियात तर याच्याही पुढे शाखा फुटल्या आहेत. मेलबर्न स्टॉर्म या क्लबने जॉन डोनह्यू यांच्यासारखा जुजुत्सूतला माणूस आणून पकडीचं शास्त्रच उभं केलं, आणि नंतर सगळ्या लीगने ते उचललं. इकडे विगान क्लबचे जुने खेळाडू शॉन एडवर्ड्स रग्बी युनियनमध्ये, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीत, बचावाचे प्रशिक्षक म्हणून गेले, आधी वॉस्प्स क्लब, मग वेल्स आणि नंतर फ्रान्स. बचाव शिकवणं हे या खेळाचं घरचं कसब आहे. दुसऱ्या खेळानेही ते इथूनच नेलं.

आता खरी अडचण. तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अडचण आहे वेळेची.

शुक्रवारी रात्री सामना असेल तर शनिवारी सकाळी खेळाडू पोहण्याच्या तलावात किंवा फिजिओच्या टेबलावर. रविवार सुट्टीचा. सोमवारी व्हिडिओ आणि हलकं पळणं. मंगळवार हा खरा कामाचा दिवस. बुधवारी सुट्टी. गुरुवारी कॅप्टन्स रन, म्हणजे अर्धा-पाऊण तासाची उजळणी, तीही अंगाला अंग न लावता. यातून बचावाच्या सहायकाच्या वाट्याला प्रत्यक्ष टॅकलचा सराव किती येतो? मी एका हंगामात घड्याळ लावून मोजला होता. आठवड्याला पस्तीस ते चाळीस मिनिटं. डिसेंबर-जानेवारीत, हंगामाआधी, तेवढा वेळ एका दिवसात मिळतो. बचावाची नवी पद्धत बसायला त्या हिवाळ्यातले आठ-दहा आठवडे लागतात. जूनमध्ये आलेल्या माणसाने तीच गोष्ट चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत करायची म्हटली, तर पद्धत बसेपर्यंत हंगाम संपतो.

म्हणून मी नव्या सहायकाबद्दल एकच गोष्ट विचारतो. त्याने आल्यावर काढून काय टाकलं? काय नवीन आणलं ते मी विचारतच नाही.

हे मी कशावरून म्हणतो, ते एका प्रसंगाने सांगतो. मी तेव्हा व्हिडिओवर होतो. आधीचा सहायक ‘हार्ड’ असा आवाज द्यायला शिकवायचा. त्याच्या भाषेत ‘हार्ड’ म्हणजे कडेच्या सेंटरने रांग सोडून आत वळायचं आणि चेंडू देणाऱ्याच्या अंगावर जायचं, त्याच्या बाहेर, अगदी टोकाला असलेल्या विंगरनेही त्याच्यासोबत एक पाऊल आत घ्यायचं. तो गेला. नवा आला, चांगला हुशार माणूस, त्याच्याही भाषेत ‘हार्ड’ हा शब्द होता. पण त्याचा अर्थ होता, सगळ्या रांगेने नाकासमोर जोरात पुढे जायचं, आत कोणीच वळायचं नाही. त्याने मंगळवारी वीस मिनिटं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुवारी चालत-चालत केलं, तेव्हाही बरोबर केलं.

शुक्रवारी त्रेसष्टावं मिनिट. आपल्याच गोलरेषेपासून पंधरा मीटरवर सलग तिसऱ्यांदा बचाव करत होतो. पावसाने चेंडू निसरडा झालेला, सगळ्यांच्या छात्या वरखाली होत होत्या. सेंटरच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या खेळाडूने, म्हणजे सेकंड-रोअरने, ओरडून सांगितलं, ‘हार्ड!’ डावा सेंटर तीन वर्षं जुन्या माणसाकडे शिकलेला. दमलेल्या शरीराने जुनं तेच केलं, तो आत वळला. विंगर त्याच वर्षी क्लबात आलेला, जुनी सवय अंगात मुरलेली नव्हती. त्याने मंगळवारचं ऐकलं आणि तो नाकासमोर गेला. दोघांच्या मध्ये चार मीटरची वाट मोकळी झाली. समोरचा सेंटर हात न लागता आत गेला आणि कोपऱ्यात चेंडू टेकवला.

सोमवारी सकाळी मी तो क्षण पडद्यावर थांबवून ठेवला. खोलीत कोणी बोलेना. सेंटर म्हणाला, मी आवाज ऐकला. विंगर म्हणाला, मीही ऐकला. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनीही सांगितलेलंच केलं होतं. नवा सहायक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने फळ्यावरचा स्वतःचा तक्ता पुसला आणि सेंटरला विचारलं, “याला तुम्ही पोरं आधी काय म्हणत होतात?” त्याने जुन्या माणसाचे सगळे आवाज फळ्यावर लिहून घेतले, अकरा निघाले. त्यातले सात त्याने रद्द केले. चार ठेवले, तेही जुन्याच अर्थाने. स्वतःचा एकही शब्द ठेवला नाही. त्यानंतरच्या सामन्यातही आम्ही हरलो, पण कडेने एकही ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण, गेली नाही. ऑगस्टपर्यंत तो बचाव लीगमधल्या चांगल्यांत गणला जाऊ लागला, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की नव्या सहायकाने नवी पद्धत आणली. पद्धत जुनीच होती, आवाज कमी झाले होते.

मी स्वतः दुसऱ्या क्लबात मध्येच गेलो, तेव्हा हा फळा डोळ्यांपुढे होता. पहिले दहा दिवस मी मैदानावर शिट्टी वाजवली नाही. फक्त खेळाडूंना विचारत गेलो की तुम्ही याला काय म्हणता.

चढाईकडचा सहायक बदलला तर हिशेब वेगळा असतो. चढाईत काही गोष्टी लवकर सुधारता येतात. सहाव्या टॅकलवर लाथ कुठे मारायची, तिच्या मागे कोणी धावायचं, गोलरेषेजवळच्या ठरलेल्या दोन-तीन चाली. हे चेंडू हातात असताना, आपल्या मर्जीने करायचं असतं. चुकलं तर चेंडू जातो, एवढंच. बचावात वेळ समोरचा ठरवतो आणि चुकलं की चार किंवा सहा गुण. म्हणून जूनमध्ये चढाईचा माणूस बदलला तर मी फार काळजी करत नाही. बचावाचा बदलला तर करतो.

आता सगळ्यांना माहीत असलेली काही उदाहरणं.

सुपर लीगमधला सेंट हेलेन्स क्लब, २०१७. एप्रिलमध्ये त्यांनी कीरन कनिंगहॅम यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलं. क्लबचा इतका मोठा माणूस, की ज्यांचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा आहे. मधल्या काळात जमाल लोलेसी, शॉन लाँग आणि डेरेक ट्रेनर या तिघांनी मिळून संघ सांभाळला. तिघंही आतलेच, म्हणजे मंगळवारचा सराव आणि मैदानावरचे आवाज होते तसेच चालू राहिले. मे महिन्यात जस्टिन होलब्रुक आले. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि कॅसलफर्डकडून जादा वेळेतल्या एका गुणाने, २३-२२ असा हरला. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी सॅलफर्डला हरवून ग्रँड फायनल जिंकली. या गोष्टीची दुसरी बाजू इकडे फार कमी जणांना आठवते. होलब्रुक तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रूस्टर्स क्लबमध्ये सहायक होते. लँकेशरमधल्या एका क्लबने एप्रिलमध्ये घेतलेल्या निर्णयामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला एका क्लबाचा सहायक हंगामाच्या मध्यावर निघून गेला. सहायकांचे बदल असेही होतात, कोणावर राग नसताना.

ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या रग्बी लीगच्या सर्वोच्च स्पर्धेत २०२० हे वर्ष तर याचा धडाच होता. एकाच हंगामात पाच क्लबांचे मुख्य प्रशिक्षक गेले आणि पाचही ठिकाणी शेजारच्या खुर्चीवरचा सहायक पुढे आला. वॉरियर्समध्ये टॉड पेटन, बुलडॉग्जमध्ये स्टीव्ह जॉर्जालिस, काऊबॉईजमध्ये जॉश हॅने, ड्रॅगन्समध्ये डीन यंग, ब्रॉन्कोसमध्ये पीटर जेंटल. बातम्या हंगामी मुख्य प्रशिक्षकाच्या झाल्या. पण मला त्या वर्षी रिकाम्या झालेल्या पाच सहायकांच्या खुर्च्या दिसत होत्या. वरचा गेला की सहायक वर सरकतो आणि त्याचं काम कोणाकडेच उरत नाही. तोच माणूस मंगळवारी बचाव घेतो, गुरुवारी पत्रकारांना भेटतो, शनिवारी संघ निवडतो. खेळाडूंसोबत लॅपटॉपसमोर बसणं, हे पहिलं मागे पडतं. वॉरियर्स तर त्या वर्षी साथीमुळे न्यूझीलंडचं घर सोडून ऑस्ट्रेलियातच मुक्काम ठोकून होते, कित्येकांची बायका-मुलं दूर. त्या अवस्थेत पेटन यांनी संघ एकत्र ठेवला, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. पुढच्या वर्षी काऊबॉईजने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेलं.

आणि एनआरएलमधलाच पेनरिथ क्लब, २०२२. हंगाम चालू असतानाच जाहीर झालं की मुख्य प्रशिक्षक आयव्हन क्लिअरी यांचे दोन सहायक पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक होऊन जाणार: अँड्र्यू वेबस्टर वॉरियर्सकडे आणि कॅमेरॉन सिराल्डो बुलडॉग्जकडे. सहायकाने दुसरीकडे सही केली की त्याचं मन उडतं, त्याला ताबडतोब मोकळं करा, असं म्हणणारे पुष्कळ असतात. क्लिअरी यांनी दोघांनाही शेवटपर्यंत ठेवलं आणि पेनरिथने अंतिम सामन्यात पॅरामॅटाला २८-१२ असं हरवलं. माझं मत स्पष्ट आहे. माणूस प्रामाणिकपणे काम करत असेल, तर सही केली म्हणून त्याला मध्येच घालवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. त्याने शिकवलेलं तो नेतोच, आज काढा किंवा ऑक्टोबरात.

आता ज्या गोष्टीमुळे हे उत्तर लिहायला बसलो, ती.

सहायकाला काढतात तेव्हा त्याच्यासोबत काय जातं, याचा विचार फार थोडे क्लब करतात. मुख्य प्रशिक्षक संघ निवडतो, म्हणून खेळाडू त्याच्यापुढे दुखणं लपवतात. वीस वर्षांचा पोरगा ‘खांदा दुखतोय’ हे सहायकाला सांगतो. मी ज्या क्लबात होतो तिथे एका सहायकाला सोमवारी दुपारी काढलं, तासाभरात त्याचा ईमेल बंद केला आणि त्याच्या नोंदी असलेला लॅपटॉप काढून घेतला. त्याला पोरांचा निरोप घ्यायलाही दिलं नाही. त्या नोंदींत एका तरुण प्रॉपबद्दल, म्हणजे पुढच्या फळीतल्या दणकट खेळाडूबद्दल, लिहिलेलं होतं. डाव्या खांद्याने टॅकल करताना त्याचं डोकं चुकीच्या बाजूला, धावणाऱ्याच्या पुढ्यात जायचं. टॅकलमध्ये डोकं पुढ्यात आलं की समोरच्याचं ढोपर किंवा नितंब सरळ कानशिलावर बसतं. जुना सहायक रोज सरावानंतर दहा मिनिटं त्याला पॅडवर उभा करून तेवढंच घ्यायचा: डावा पाय जवळ, गाल पाठीमागे, मग हात. आम्हाला वाटायचं, त्याची माया आहे त्या पोरावर.

तो गेल्यावर ती दहा मिनिटं कोणीच घेतली नाहीत. कोणाला माहीतच नव्हती. पाचव्या आठवड्यात तो पोरगा डाव्या खांद्याने टॅकलला गेला, डोकं पुढ्यात, आणि जमिनीवर पडला तो हललाच नाही. डॉक्टर धावले. मेंदूला मार बसल्यामुळे तो कित्येक आठवडे बाहेर होता. आज तो बरा आहे, खेळतोही. पण त्या रात्री मी जुन्या चित्रफिती काढून बसलो आणि मला ती दहा मिनिटं मागच्या एका फ्रेममध्ये दिसली. सगळे मैदानातून निघून गेलेले, कोपऱ्यात दोघंच, एक पॅड धरून आणि एक खांदा लावून. मी ती फ्रेम आधी कितीदा तरी पाहिली होती. जाणाऱ्या माणसाला फक्त एक तास बसवून ‘कोणासाठी काय करत होतास’ एवढं विचारलं असतं, तर हे टळलं असतं. तो तास आता मी प्रत्येक क्लबात मागून घेतो. जाणारा रागावलेला असला तरी पोरांसाठी बोलतो, असा माझा अनुभव आहे.

बदल करायचाच असेल तर केव्हा करावा? ज्या आठवड्यात सामना नाही त्या आठवड्यात. लीगसोबत चालणाऱ्या बादफेरीच्या चषकातून लवकर बाहेर पडलेल्या संघाला अशी एखादी मोकळी तारीख मिळते, तेव्हा निदान दोन मंगळवार हाती लागतात. माणूस कुठला आणावा? शक्यतो घरचा. राखीव संघाचा किंवा अकादमीचा प्रशिक्षक, ज्याला आवाज माहीत आहेत आणि अर्ध्या खेळाडूंना त्याने सोळाव्या वर्षापासून पाहिलं आहे. विगानने हे वर्षानुवर्षं केलं. शॉन वेन तिथे मायकल मॅग्वायर यांचे सहायक होते, २०१२ पासून मुख्य प्रशिक्षक झाले आणि तीन ग्रँड फायनल जिंकले. मॅट पीट हेही तिथलेच, वरच्या पातळीवर कधी न खेळलेले, खालून शिकवत आलेले. २०२४ मध्ये त्यांच्या विगानने चारही चषक उचलले. ही नेमणूक हंगामाच्या मध्यावरची नव्हती, हे खरं. पण घरात माणूस तयार असला की जूनमध्ये वेळ आली तरी धावाधाव होत नाही.

तुमच्या क्लबाने योग्य केलं की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि पुढच्या तीन सामन्यांच्या निकालांवरून तुम्हीही ठरवू नका. समोर कोण आहे, यावर ते निकाल फार अवलंबून असतात. मुलाला मात्र एक काम सांगा. शुक्रवारी स्टेडियममध्ये जाईल तेव्हा त्याने कडेच्या बाजूला, गोलरेषेजवळ जागा धरावी आणि दुसऱ्या डावात वीस मिनिटं चेंडूकडे बघू नये. आपला सेंटर आणि त्याच्या बाहेरचा विंगर, एवढे दोघंच बघावेत. दहा मीटर मागे आल्यावर दोघं एकमेकांकडे बघून बोलतात का, आणि पुढे निघताना दोघांचं पहिलं पाऊल एकाच वेळी पडतं का. साठाव्या मिनिटानंतरही पडत असेल, तर नवा माणूस काम जाणतो. एकाचं आधी आणि दुसऱ्याचं नंतर पडत असेल, तर सोमवारी त्या क्लबात कोणीतरी पडद्यावर तोच क्षण थांबवून बसलेलं असेल.